योगराजाची हजेरी

अक्का, काल तुझं बारावं झालं. घर भरून माणसं आली होती आणि तू कशाकशात पहिली होतीस ते एकमेकांना सांगत होती. राजवाड्यामागच्या गल्ल्यांतून काळा कोट घालून कोर्टात जाणारी पहिली मराठी बाई. स्वतःची मोपेड घेणारी पहिली. मी काप्पीचे पेले घेऊन फिरत होते आणि कुणी योगराजाचं नाव काढतंय का म्हणून कान देऊन होते. कुणी काढलं नाही.

म्हणून आज लिहायला बसलेय. मराठीत, कारण या तमिळ मुलुखात वाढलेल्या आपल्या घरात हे दुसऱ्या कुणाला वाचता येणार नाही. बोलतात सगळे, पण अक्षर ओळखत नाहीत. मला तरी कुठं येत होतं? चोविसाव्या वर्षी तू मला पाटी घेऊन बसवलंस. "भाषा नुसती तोंडात ठेवलीस तर एक दिवस काप्पीच्या घोटाबरोबर गिळून टाकशील, सरू," म्हणालीस. मला, शाळेत इंग्रजी शिकवणाऱ्या आपल्या चुलत बहिणीला, तू ग म भ न गिरवायला लावलंस, आणि चुकलं की खरोखर कान पिळलास.

पूरणम अम्मा पहिल्यांदा आली तेव्हा मी नुकतीच शाळेतून आले होते. घरापुढच्या तिण्णैवर, ओट्याच्या अगदी कडेला, ती अंग चोरून बसली होती. दोन बस बदलून आली होती. पापनाशमच्या पुढं कालव्याच्या काठी भाताचं एक जुनं गोदाम होतं, आणि समुद्रापलीकडच्या लढाईतून पळून आलेली तमिळ कुटुंबं सरकारनं तिथं ठेवली होती. आत साड्यांचे पडदे, पडद्यामागं एकेक संसार. त्या वर्षी देशानं परदेशी मालाला दारं उघडली, दारं उघडली असं पेपरात रोज छापून येत होतं, आणि त्याच महिन्यांत या लोकांना जहाजात बसवून परत पाठवणं चाललं होतं.

तू तिला आत घेतलंस, पाणी दिलंस, आणि मला कागद घ्यायला सांगितलंस. ती तमिळमध्ये बोलत होती, त्यांच्या बेटावरच्या त्या हळू, जुन्या तमिळमध्ये.

"सोमवारी दुपारी जीप आली. साध्या कपड्यांतली तीन माणसं. माझ्या योगनला म्हणाली, थोडी चौकशी आहे, लगेच सोडतो. त्यानं शर्ट बदलला. मी म्हटलं, जेवून जा. तो म्हणाला, ताट झाकून ठेव."

"मग?"

"दोन दिवसांनी ऑफिसात विचारलं. म्हणाले, तो आपखुशीनं जहाजानं परत गेला. त्याचा फॉर्म आहे."

"आणि?"

ती तुझ्या टेबलावरच्या टाइपरायटरकडे बघत राहिली.

"शनिवारी हजेरी झाली, अम्मा. त्याचं नाव घेतलं. आणि त्यानं ओ दिली."

"कुणी?"

"माझ्या मुलानं. आवाज त्याचाच. मी वळून बघितलं तर तिथं तो नव्हता."

तू पेन खाली ठेवलंस. मला चांगलं आठवतं, कारण तू कधी पेन खाली ठेवायची नाहीस.

योगराजा, तिचा योगन, तेवीस वर्षांचा होता. त्याचा गुन्हा एवढाच की त्याला इंग्रजी वाचता येत होतं. परत जाणाऱ्यांकडून एक फॉर्म घेत होते, 'मी माझ्या इच्छेनं जात आहे' असा, आणि तो इंग्रजीत होता. लोक रेशनचा कागद समजून अंगठे देत होते. योगननं तो मोठ्यानं वाचून सगळ्यांना तमिळमध्ये सांगितला. चाळीसेक माणसांनी अंगठे द्यायचं थांबवलं. पुढच्या सोमवारी जीप आली.

त्या आठवड्यात तू मला जे शिकवलंस ते मी आजही वर्गात मुलींना सांगते. ज्या देशात माणसाच्या जिवाला धोका आहे तिथं त्याला ढकलून परत पाठवायचं नाही, असा जगातल्या देशांचा करार आहे. आपल्या देशानं त्यावर सही केलेली नाही. मी म्हणाले, "मग झालं की. सही नाही तर बंधन नाही." तू चिडलीस. "घटनेत जगण्याचा हक्क कुणाला दिलाय? नागरिकाला दिलाय का? व्यक्तीला दिलाय. योगराजा व्यक्ती नाही का?" आणि मग, आवाज उतरवून, "सही नसली म्हणून कुणी माणसाला समुद्रात ढकलत नाही, सरू. सगळं जग जे पाळतं ते आपल्यालाही लागू आहे, हे मी कोर्टाला पटवून देणार." मला ते पटलं नव्हतं. कायदा लिहिलेला असावा लागतो असं माझं म्हणणं. त्यावर आपण पुढं कितीतरी वेळा भांडलो, शेवटच्या महिन्यातसुद्धा. माझं शेवटचं उत्तर अजून द्यायचं राहिलंय.

मद्रासच्या कोर्टात तू अर्ज केलास: माणूस जिवंत असेल तर त्याला सदेह कोर्टापुढं उभा करा. आणि दुसरा कागद जिनिव्हाला. जगभरच्या नाहीशा झालेल्या माणसांची नोंद ठेवणारी एक समिती तिथं आहे. दक्षिण रस्त्यावरच्या फोन बूथमध्ये नवीन फॅक्स मशीन आलं होतं. कागद आत गेला, कुरकुरला, आणि खालून जसाच्या तसा परत बाहेर आला. पूरणम अम्मा घाबरली. "गेला नाही," म्हणाली. तू म्हणालीस, "गेला, अम्मा. तिकडं पोचला." तिनं तो कागद हातात घेतला, उलटसुलट केला. "मग हे काय राहिलं इथं?"

शनिवारी मला सुट्टी असायची. आपण दोघी तुझ्या मोपेडवरून छावणीत गेलो. सकाळचे अकरा. भाताची कापणी झालेली, शेतं नुसती खुंटांची, आणि कालव्यात बदकांचा मोठा कळप. गोदामापुढच्या मोकळ्या जागेत सगळे रांगेनं उन्हात उभे होते. हजेरी घेणारा कारकून भला माणूस होता. चष्म्याला दोरा बांधलेला, बोलणं मऊ. त्यानं आपल्याला छत्रीखाली उभं केलं आणि नावं वाचायला लागला. प्रत्येक नावाला रांगेतून उत्तर यायचं, "उळ्ळेन ऐया." आहे, साहेब.

"योगराजा."

"उळ्ळेन ऐया."

तरुण आवाज. जरा घोगरा, झोपेतून उठल्यासारखा. डावीकडून आला. मी डावीकडे पाहिलं. म्हाताऱ्या बायका, दोन पोरं, एक लंगडा माणूस. कुणाचे ओठ हललेले दिसले नाहीत. सगळे समोर बघत होते, इतके सरळ की कुणी पापणीही लववली नसेल.

कारकुनानं बरोबरची खूण केली. "ऐकलंत ना, मॅडम? आहे तो."

"मला त्याला भेटायचंय," तू म्हणालीस.

"आंघोळीला गेला असेल. येईल."

आपण दीडपर्यंत थांबलो. कुणी आलं नाही. पूरणम अम्माच्या पडद्याआड गेलो तर कोपऱ्यात एक ताट झाकलेलं होतं.  

पुढच्या शनिवारी आवाज उजवीकडून आला. पण तोच होता.

मग आपण पूरणम अम्मासमोरच मराठीत बोलायला लागलो, आठवतं? गल्लीत, कोर्टात, पोलिसांपुढं, नको त्याला कळू द्यायचं नसलं की आपली ही मोडकी मराठी उपयोगी पडायची. मी म्हणायचे, तो मेला अक्का, तिला सांगून टाक. तू म्हणायचीस, मेला असं मला म्हणता येत नाही, कायद्याला प्रेत लागतं. मी म्हणायचे, पण मेलाच ना. किती वेळा म्हटला असेल तो शब्द, तिच्या मांडीला मांडी लावून बसून.

आणि एक दिवस ती म्हणाली, "टीचर, मेल, मेल म्हणता तुम्ही. वर काय आहे?"

तमिळमध्ये मेल म्हणजे वर. कित्येक आठवडे ती आपल्या प्रत्येक 'मेला'ला मान उचलून गोदामाच्या पत्र्याकडे बघत होती. आपल्याला वाटायचं, देवाकडे बघते.

 तू म्हणालीस, "तो आमच्या भाषेतला शब्द आहे, अम्मा. ज्याची बातमी अजून आली नाही त्याला म्हणतात."

तिनं मान हलवली. पुढच्या वेळी मी एकटीच बसनं गेले होते; मला थांब्यापर्यंत सोडायला आली तेव्हा शेजारणीला म्हणाली, "माझा मुलगा मेला आहे," आपल्या मराठी शब्दासकट, अगदी शांतपणे, जणू तो प्रवासाला गेलाय.  ते खोटं तू का बोललीस हे मी तुला कधी विचारलं नाही. माणसाला दुसऱ्या भाषेत फसवू नये असं योगराजामुळंच आपण शिकत होतो ना? राग होता माझ्या मनात. आता तो कुणावर काढू?

कोर्टात पहिल्याच तारखेला सरकारी वकिलांनी छावणीचं हजेरी रजिस्टर पुढं केलं. दर शनिवारी योगराजा हजर. न्यायाधीशांनी तुला विचारलं, "बाई, माणूस तिथं आहे, मग आम्ही कुणाला हजर करायचं?" दोन आठवड्यांची तारीख मिळाली. 

तेव्हाच मास्तर आपल्याकडे आले. छावणीतल्या मुलांना झाडाखाली शिकवणारे, उंच, खांदे पडलेले. दार लावून घ्या म्हणाले.

"ओ आम्ही देतो, अम्मा. पाळीपाळीनं. नाव एकदा काढलं की तो आपखुशीनं गेला असंच कायमचं ठरेल. म्हणून ठरवलं, त्याचं नाव पडू द्यायचं नाही. ओठ न हलवता बोलायला शिकलो सगळे."

"आणि त्याचा आवाज?"

"तो प्रत्येकाला काढता येतो. त्याच्या लहानपणापासून ऐकलाय." मग मास्तरांनी कपाळ पुसलं. "पण पहिल्या शनिवारी ओ देणारं आमच्यापैकी कुणी नव्हतं. तेव्हा काही ठरलंच नव्हतं. आम्ही एकमेकांना विचारलं, शपथा घातल्या. तो पहिला कोण, ते आम्हालाही माहीत नाही."

ते गेल्यावर मी तुला म्हणाले, चांगलं झालं, राहू दे असंच. जहाजाच्या यादीत तो गेलाय, छावणीच्या रजिस्टरात तो आहे. दोन्ही कागद सरकारचेच. आपण कोर्टाला म्हणू, यातला खोटा कोणता ते सांगा. किती सोपं होतं! तू खुर्चीतून उठलीस.

"रजिस्टर खोटं आहे हे मला माहीत आहे आता. माहीत असताना तो कागद हातात धरून मी न्यायाधीशापुढं उभी राहू? त्या लोकांनीही फॉर्म हातात धरून हेच केलं, सरू."

"ते जीव घ्यायला. हे जीव वाचवायला."

"त्यांनाही तसंच वाटत असेल."

मी तीन दिवस तुझ्याशी बोलले नाही.

तू छावणीत जाऊन सगळ्यांना गोळा केलंस. म्हणालीस, येत्या शनिवारी कुणी ओ देऊ नका. रजिस्टरात गैरहजर लागू दे. गैरहजर लागला की सरकारला सांगावं लागेल तो गेला कुठं. जहाजाच्या कागदावर त्याचा अंगठा आहे. सही करणारा मुलगा अंगठा कशाला देईल? तो अंगठा कुणाचा ते मी विचारीन. सगळ्यांनी पूरणम अम्माकडे पाहिलं. तिचं म्हातारपण, तिचा निवारा, सगळं त्या एका नावाला टेकलेलं होतं. आणि तिच्या दृष्टीनं आठवड्यातून एकदा तिचा मुलगा बोलत होता. मास्तरांनी तिला खरं सांगितलं होतं, तरीही.

"एकदाच ना?" तिनं विचारलं.

"एकदाच, अम्मा."

"बरं," ती म्हणाली.

त्या शनिवारी वारा नव्हता. बदकं कालव्यात होती पण ओरडत नव्हती. कारकून नावं वाचत गेला. मी आधीपासूनच एकेकाच्या तोंडाकडे बघत होते. मास्तरांनी दात घट्ट मिटले होते. पूरणम अम्मानं पदर तोंडात कोंबला होता.

"योगराजा."

काही नाही. पत्रा उन्हानं टिकटिक करत होता.

"योगराजा."

काही नाही.

कारकुनानं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. तिसऱ्यांदा नाव घेताना त्याचा आवाज खाली आला होता. "योगराजा?"

गोदामाच्या उजव्या अंगाला पाण्याचा नळ होता. तिथं कुणी नव्हतं, सगळे आपल्यासमोर रांगेत होते. आवाज तिथून आला. हळू. थकलेला. पण शब्द स्पष्ट होते, अक्का. उळ्ळेन ऐया.

मी तुझ्याकडे पाहिलं. तू नळाकडे बघत होतीस.

कारकुनाचं पेन कागदावर टेकलं होतं. शाईचा एक ठिपका पसरत होता. मग त्यानं लिहिलं. आपण पुढं होऊन पाहिलं: गैरहजर. त्यानं रजिस्टर मिटलं आणि कुणाकडं न बघता आत निघून गेला.

अर्ध्या रस्त्यात, नारळीच्या बागेशी, तू मोपेड थांबवलीस. इंजिन बंद केलंस. मागं न बघता विचारलंस, "सरू, तू काही ऐकलंस?"

"नाही," मी म्हणाले.

"काहीच नाही?"

"काहीच नाही."

"बरं झालं," म्हणालीस, आणि किक मारलीस.

सोमवारी तू प्रतिज्ञापत्र लिहिलंस: माझ्या समक्ष तीनदा नाव पुकारलं, कुणीही उत्तर दिलं नाही. मी ते टाइप केलं. तू सही केलीस. मी 'हो' म्हणाले असते तर ते वाक्य तू लिहिलं नसतंस. मी तुला ओळखते. तू तुझ्याच खटल्याचा गळा घोटला असतास आणि कोर्टाला सांगितलं असतंस, नळापाशी कुणी नव्हतं, पण आवाज आला. तुझ्या कानांनी ऐकलं होतं, पण माझ्या नाहीवर तू विश्वास ठेवलास आणि शपथ घेतलीस. गेल्या महिन्यात, पाय सुजून तू खुर्चीतच असायचीस तेव्हा, पुन्हा विचारलंस. मी पुन्हा नाही म्हणाले. तू हसलीस. तेव्हा मला वाटलं, तुला सगळं माहीत आहे.

मीही ऐकलं, अक्का. एवढंच सांगायचं होतं. आता तुझ्या शपथेला धोका नाही.

तो अंगठा योगराजाचा नव्हता हे तज्ज्ञानं सांगितलं. कुणाचा, ते कधी कळलं नाही. कोर्टानं चौकशी लावली. एक अधिकारी बदली होऊन गेला, जीप सापडली नाही. पण निकालात दोन ओळी आल्या: या छावणीतून कुणालाही त्याच्या भाषेत वाचून दाखवल्याशिवाय, आणि तिऱ्हाईत माणसासमोर होकार घेतल्याशिवाय, परत पाठवू नये. आणि पूरणम अम्माला तिथून हलवू नये. त्या दोन ओळींवर चाळीस माणसं राहिली. काहींची मुलं आता माझ्या शाळेत आहेत. त्यांच्याकडे बघते तेव्हा तुझ्या हट्टापुढं माझी मान खाली जाते.

जिनिव्हाहून दर वर्षी पत्र येतं. घरच्यांना माणसाचं काय झालं ते कळेपर्यंत ते फाइल बंद करत नाहीत. दर वर्षी तू उत्तर लिहायचीस, अजून कळलेलं नाही.

आज सकाळी पूरणम अम्मा आली. बाराव्याला आली नव्हती. गर्दीत कशाला, म्हणाली. आता तिला नीट दिसत नाही. तिण्णैवर न बसता थेट आत आली, तुझ्या खुर्चीसमोर जमिनीवर बसली आणि म्हणाली, "टीचर, मला सांग कशी गेली."

मी सांगितलं. सकाळचे दहा वाजले होते. काप्पी अर्धी प्यालीस. पंखा कमी कर म्हणालीस. मी पंखा कमी करून वळले तर मान एका बाजूला झाली होती. हात गरम होता. पाय आधीच गार पडले होते. मी तोंडात पाणी घातलं, ते बाहेर आलं.

"डोळे?"

"उघडे होते. मी मिटले."

"कुणी आंघोळ घातली?"

"मी. आणि गल्लीतल्या दोघींनी. पिवळं लुगडं नेसवलं. वडवार नदीच्या काठी नेलं. दुसऱ्या दिवशी अस्थी गोळा केल्या, अजून उबदार होत्या."

ती ऐकत होती. ओठांनी माझे शब्द पुन्हा म्हणत होती, मुलं पाठ करतात तसे. सगळं सांगून झाल्यावर म्हणाली, "पुन्हा सांग." मी पुन्हा सांगितलं, पंख्यापासून. या खेपेला ती मधेमधे थांबवत होती. हात गरम होता ना? कुणीतरी जवळ होतं ना? तोंडात पाणी घातलं ना? मी दर वेळी हो म्हणत गेले.

मग ती म्हणाली, "तुमच्या त्या 'मेला' शब्दाचा अर्थ मास्तरांनी बाहेर विचारून मला केव्हाच सांगितला होता. तुझ्या अक्काला कळू दिलं नाही. तिनं इतक्या मायेनं सांगितलं होतं."

 ती भिंतीला धरून उठली आणि परसातली विहीर कुठं आहे ते विचारलं. मी हात धरून नेलं. तिनं नेसत्या लुगड्यानिशी स्वतःच पोहरा ओढला आणि डोक्यावर पाणी घेतलं. एकदा, दोनदा, तीनदा. जवळचं माणूस गेल्याचं कळल्यावर घेतात तसं. तू तिच्या नात्याची नव्हतीस, अक्का. तुझ्यासाठी तिला आंघोळ लागत नव्हती.

मी पंचा आणून तिचे केस पुसले. कुणासाठी, ते विचारलं नाही.